बदल्यात काही न मागता दिलेले बोचके

विमलाबाई बोहारीण कोणताही कपडा तपासल्याशिवाय घेत नसे. आधी ती तो उजेडाकडे धरी, मग शिवणीपाशी दोन्ही हातांनी ताणून पाही आणि शेवटी काखेपाशी नाक नेऊन हुंगे. उजेडात विरलेपण दिसते, ताणल्यावर कुजलेपण कळते आणि वासावरून तो कपडा घालणाऱ्याचे आजारपण समजते, असे तिचे म्हणणे होते. माणसांना असे उजेडाकडे धरून पाहता येत नाही, म्हणून माणसांवर तिचा विश्वास कपड्यांहूनही कमी होता.

चाळीस वर्षांपूर्वी ती यवतमाळकडून नवऱ्याच्या मागोमाग पुण्यास आली. नवरा बांधकामावर दगड वाहताना खोकून खोकून गेला. पदरी पूर्णिमा व आनंद ही दोन लेकरे राहिली. बिबवेवाडीच्या चढावरील वस्तीत शेजारी एक म्हातारी बोहारीण राहत होती. तिचे गुडघे संपले, तेव्हा तिने आपली भांड्यांची पाटी विमलाबाईच्या डोक्यावर दिली आणि धंद्याचे एकच सूत्र सांगितले. जुना कपडा घ्यावा, नवे भांडे द्यावे. परंतु कोणी भांडे न घेता कपडा देऊ लागले, तर पाटी उचलून चालू लागावे. त्या घरात एक तर साथीचा आजार असतो, नाही तर चोरीचा माल.

विमलाबाईने हे सूत्र जन्मभर पाळले. आता धंदा आटला होता. लोक जुने कपडे फोनवरून विकत किंवा संस्थांच्या गाडीत टाकून मोकळे होत. जुन्या ओळखीवर चालणाऱ्या चार सोसायट्या तेवढ्या तिच्याकडे उरल्या होत्या. त्यांच्या फाटकातून आत जाता येत होते ते केवळ तिच्या नावावर. ते नाव किती नाजूक असते, हे तिने मागच्याच वर्षी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांतल्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, संगणकाच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या चैतालीच्या नव्या सँडल दारातून नाहीशा झाल्या. तिने सोसायटीच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या आणि संध्याकाळच्या आत केरसुण्या विकणाऱ्या बाईला फाटकावर अडवण्यात आले. पुढे सँडल चैतालीच्याच पलंगाखाली सापडल्या. केरसुणीवालीला मात्र फाटक उघडले नाही ते नाहीच.

त्याच मजल्यावर, चैतालीच्या समोरच्या दारात, विजयमाला साळवे राहत असत. त्या निवृत्त परिचारिका. साऱ्या सोसायटीत त्यांना सिस्टर म्हणत, म्हणून विमलाबाईही त्यांना सिस्टरबाई म्हणे. त्यांच्यासारखे घासाघीस करणारे गिऱ्हाईक बिबवेवाडीत दुसरे नव्हते. दोन साड्या आणि एक विजार देऊन त्या झाकणाचा डबा मागत आणि डबा हाती आला की वर एक चमचा टाका म्हणून दार अडवून उभ्या राहत. विमलाबाईला या भांडणाचे वाईट वाटत नसे. भांडणारे गिऱ्हाईक काय मागते आहे ते निदान कळते.

म्हणूनच एप्रिलमधल्या त्या मंगळवारी जे घडले, त्याने ती बिचकली. सिस्टरबाईंनी आतून एक मोठे बोचके ओढत आणले. त्यांचे यजमान साळवेसाहेब, खडकवासल्याच्या पाटबंधारे खात्यातले निवृत्त कारकून, जानेवारीत वारले होते. बोचक्यात त्यांचे आठ सदरे, चार विजारी, लोकरीचा स्वेटर आणि एक काळा कोट होता. कोट इतका धड की त्याचे एक बटणही हलत नव्हते. विमलाबाईने पाटीतले सर्वांत मोठे पातेले काढले आणि भांडणाची तयारी केली.

“काही नको,” सिस्टरबाई म्हणाल्या. “घेऊन जा.”

विमलाबाईला वाटले, त्यांना पातेले लहान वाटले असावे. तिने त्याच्यावर झाकणी ठेवली.

“काही नको म्हटलं ना, विमलाबाई,” असे म्हणून त्यांनी दार लावून घेतले.

म्हातारीच्या सूत्राप्रमाणे तिने बोचके तेथेच ठेवून निघायला हवे होते. परंतु बंद दारापुढे माल टाकून जावे, तर तेही लोक पाहणार. तिने बोचके उचलले आणि जिना उतरली. प्रत्येक पायरीवर तिला एकच प्रश्न पडत होता. या बाईला कळले तर नाही ना?

काय कळले असेल, ते सांगण्यासाठी अकरा वर्षे मागे जावे लागेल.

तेव्हा सिस्टरबाई इस्पितळात नोकरीला होत्या. कामावर हातात अंगठी चालत नसे. म्हणून गणवेश चढवण्याआधी त्या आपल्या लग्नातली अंगठी घरून नेसून आलेल्या साडीच्या पदराला गाठ मारून ठेवत. एके दिवशी घरी येताना बसच्या पत्र्याला अडकून ती साडी टरकन फाटली. थकलेल्या सिस्टरबाईंनी ती तशीच काढून कोपऱ्यात फेकली आणि दुसऱ्या दिवशी बोहारणीच्या ढिगात घातली. फाटकी साडी विमलाबाई घेईना. शेवटी पाटीत भांड्यांखाली घालायला होईल, म्हणून तिने ती उपकार केल्यासारखी उचलली. घरी आल्यावर तिच्या बोटांना पदराची गाठ लागली. गाठीत सोने होते.

पूर्णिमाचे लग्न महिन्यावर आले होते. लेकीच्या कानात घालायला घरात काही नव्हते. विमलाबाईने अंगठी पिठाच्या डब्यात खोल पुरली. त्याच संध्याकाळी सिस्टरबाई धापा टाकीत वस्तीचा चढ चढून आल्या. शेजारणींसमोर त्यांनी एवढेच विचारले की, सकाळच्या कपड्यांत माझे काही राहिले का.

“नाही हो, सिस्टरबाई,” विमलाबाई म्हणाली. “पदराला गाठबीठ काही नव्हती. हा बघा, पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगते.” आणि जेवायला बसलेल्या आनंदच्या डोक्यावर तिने खरोखरच हात ठेवला.

सिस्टरबाई क्षणभर तिच्याकडे पाहत राहिल्या आणि चढ उतरून गेल्या. अंगठी आटवून पूर्णिमाच्या कानातली फुले झाली. कोणाला काही कळले नाही. परंतु आनंद पुढे लिफ्ट दुरुस्त करण्याच्या कामास लागला. दिवसभर तो उंच इमारतींच्या अंधाऱ्या बोळात दोराला लोंबकळून असतो. तेव्हापासून विमलाबाईचा जीव त्या दोराला टांगलेला होता. त्याला साधा ताप आला, तरी तिला आपल्या तळहाताखालचे त्याचे केस आठवत.

आता त्याच सिस्टरबाईंनी तिला धड कपडे फुकट दिले होते. विमलाबाईने जिना उतरतानाच ठरवले की, हा सापळा आहे आणि सापळ्याची कळ कोठे आहे ते आधी शोधले पाहिजे.

तिने प्रथम फाटकावरच्या महिपती पहारेकऱ्याला गाठले. साळवेसाहेब कशाने गेले, असे तिने सहज विचारल्यासारखे विचारले. महिपतीने वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. हृदयविकाराने गेले, आणि तो आजार सदऱ्यातून लागत नाही, एवढे सांगून तो पुन्हा वाचू लागला. सिस्टरबाई माझ्याविषयी काही बोलल्या का, हे विचारण्याचे धैर्य तिला झाले नाही.

बुधवारी ती जुन्या बाजारात शमशुद्दीनभाईंकडे गेली. त्यांचे घराणे तीन पिढ्या पुण्यात जुन्या कपड्यांचा व्यापार करत होते आणि विमलाबाईचा माल गेली वीस वर्षे तेच घेत. त्यांनी प्रत्येक सदरा उलटा करून पाहिला. दोष सापडेना, तेव्हा त्यांनाही चैन पडेना.

“काय दिलंस याच्या बदल्यात?” त्यांनी विचारले.

“काही नाही. त्यांनी घेतलंच नाही.”

शमशुद्दीनभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “विमलाबाई, धंद्यात माणूस रडत देतो, भांडत देतो, शिव्या घालत देतो. गप्प बसून देतो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी असतं. खिसे बघितलेस?”

बाहेरचे खिसे तिने पाहिले होते. शमशुद्दीनभाईंनी कोटाच्या अस्तरावर बोट फिरवले आणि छातीच्या बाजूच्या आतल्या खिशातून तळहाताएवढी एक पुस्तिका काढून तिच्यापुढे धरली. वर क्रूस होता. त्याखालचे अक्षर त्यांनी वाचून दाखवले. शुभवर्तमान, ख्रिस्ती लोकांचे धर्मपुस्तक.

“घे,” ते म्हणाले. “निघाली कळ.”

कोट न विकता ती घरी घेऊन आली. आनंद घरीच होता. पुस्तिका पाहताच त्याने कपाळाला आठ्या घातल्या. असे कपडे वाटतात, मग पुस्तक देतात, मग प्रार्थनेला बोलावतात आणि शेवटी नाव बदलतात, असे त्याच्या कामावरचे लोक सांगत. आपल्याला कशाला हवी ती भानगड, जाळून टाक, असे तो म्हणाला. विमलाबाईने मान डोलावली. परंतु पुस्तिका चुलीत न घालता तिने ती पिठाच्या डब्यामागे सरकवली. त्या डब्यापाशी हात जाताच तिला अंगठी आठवली आणि तिने हात झटकला.

विमलाबाई दोन वर्षांपासून दुपारच्या प्रौढ साक्षरता वर्गास जात होती. अंगठा उमटवण्याची तिला लाज वाटू लागली होती, म्हणून साठी उलटल्यावर तिने हातात पाटी घेतली. पहिले वर्ष तिचे स्वतःचे नाव गिरवण्यातच गेले. विमलाबाई हा शब्द आता ती दुकानाच्या पाटीवरही गर्दीतल्या ओळखीच्या माणसासारखा हुडकून काढी. जोडाक्षरांपाशी मात्र तिची गाडी अजून अडे.

आनंद कामावर गेल्यावर तिने दाराला कडी लावली आणि पुस्तिका उघडली. ज्याची एवढी भीती घालतात ते आहे तरी काय, हे तिला पाहायचे होते. छापील अक्षर बारीक होते. तिने पाने उलटली. शेवटचे पान कोरे होते आणि त्यावर शिसपेन्सिलीने, कारकुनाच्या सरळ वळणात, काही ओळी लिहिल्या होत्या. पहिलीच ओळ तिने बोट न ठेवता वाचली.

विमलाबाई.

तिने डोळे चोळले. पुन्हा वाचले. मग बोट ठेवून खालची ओळ वाचली. तिचा मुलगा.

पुढे आणखी काही होते. ते तिने वाचले नाही. तिने पुस्तिका मिटली आणि तिच्यावर पातेले पालथे घातले, जणू आतून काही बाहेर येणार होते. आता तिला सारे उघड दिसू लागले. त्यांना कळले होते. त्यांनी तिची चोरी आपल्या देवाच्या पुस्तकात नोंदवली होती, आणि तिच्या एकटीची नव्हे, आनंदचीही. ज्याच्या डोक्यावर हात ठेवून खोटे बोलली, त्याचेच नाव तिच्या नावाखाली धरून ठेवले होते.

पुढचे पाच दिवस ती आनंद घरी येईपर्यंत उंबऱ्यात बसून राही. पुस्तिका जाळावी, तर नावे जळणार. ठेवावी, तर नावे राहणार. शेवटी तिने ठरवले की, जिने नावे धरली तिच्याच हातून ती खोडून घ्यायची. मंगळवारी तिने स्वतःसाठी राखून ठेवलेला पितळी हंडा घासून लख्ख केला. लेकीनंतर नातीला द्यायचा म्हणून तो तिने कधी पाटीत ठेवला नव्हता. हंड्यात पुस्तिका ठेवून ती निघाली.

सिस्टरबाईंनी दार उघडले. विमलाबाई उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

“हा हंडा त्या बोचक्याचा,” ती म्हणाली. “आणि हे कोटात होतं. आतल्या खिशात.”

सिस्टरबाईंनी हंड्याकडे पाहिलेच नाही. त्यांनी पुस्तिका दोन्ही हातांनी उचलली आणि दाराच्या चौकटीला टेकल्या.

“तीन महिने घरभर शोधतेय,” त्या म्हणाल्या. “गादीसुद्धा उसवली. त्यांच्या खिशांत हात घालायचा धीर होत नव्हता, म्हणून ते बघितलेच नाहीत.”

विमलाबाई गोंधळली. तिने आठवडाभर रचलेल्या सापळ्यातली कळच निखळून पडली होती. “म्हणजे तुम्ही ते माझ्यासाठी ठेवलं नव्हतं?”

“तुमच्यासाठी कशाला ठेवू? त्यांचं आहे ते.”

“मग माझं नाव का आहे त्यात?” तिचा आवाज चढला. “माझं आणि पोराचं. खोडा ते. हंडा घ्या आणि नावं खोडा.”

सिस्टरबाईंनी शेवटचे पान उघडले. त्यांना ते पान ठाऊक नसावे; चष्म्याशिवाय त्यांना वरचे नाव तेवढे लागले. मग त्या हळू म्हणाल्या की, ही माणसांची यादी ते रोज सकाळी देवापुढे मनातल्या मनात वाचत असत. ज्यांच्यासाठी देवाकडे मागायचे, त्यांची नावे. गुन्ह्यांची वही नव्हे.

“माझ्यासाठी कशाला मागायचं? मी त्यांची कोण?”

“अकरा वर्षांपूर्वी तुमच्याकडे आले होते ते आठवतं?”

विमलाबाईने पदर खांद्यावर ओढला. तिने ठरवून ठेवलेले उत्तर दिले. तेव्हाही सांगितले होते, आताही सांगते, त्या साडीत काही नव्हते.

“मी तेव्हा साडी म्हटलं नव्हतं, विमलाबाई. कपड्यांत काही राहिलं का, एवढंच विचारलं होतं. पदराला गाठ नव्हती, हे तुम्ही सांगितलंत. गाठ मारली होती हे मला सोडून कोणाला ठाऊक होतं?”

जिन्यात कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. विमलाबाईला वाटले, ती शिट्टी महिपतीपर्यंत, जुन्या बाजारापर्यंत, थेट यवतमाळपर्यंत ऐकू गेली असेल.

सिस्टरबाई सांगत राहिल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी यजमानांना सांगितले होते की, पोलिसांत जाऊ. साळवेसाहेब म्हणाले, ती बाई लेकराची शपथ घेऊन बसली आहे. आपण तिला खोटे पाडले, तर ती शपथ रोज त्या पोराच्या डोक्यावर बसेल. अंगठी मी घातलेली होती, ती मी सोडली, असेही ते म्हणाले. सिस्टरबाई मात्र सोडायला तयार नव्हत्या.

“मला भली बाई समजू नका,” त्या म्हणाल्या. “दर रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकून क्षमेचे शब्द म्हणायचे आणि मंगळवारी तुमच्याकडून एक चमचा जास्त काढायचे. आत जाऊन बघा, मांडणी चमच्यांनी भरली आहे. जाताना ते म्हणाले, माझे कपडे विमलाबाईला दे आणि बदल्यात काही घेऊ नकोस. तीन महिने मी ते बोचकं बांधत होते आणि सोडत होते. त्या दिवशी दार लावलं ना तुमच्या तोंडावर, ते मन बदलेल म्हणून.”

विमलाबाईने हंडा पुढे सरकवला. हा घ्या, आणि लेकीच्या कानातली फुलेही आणून देते, असे ती म्हणाली. त्या शब्दांत कबुली आहे, हे तिच्या ध्यानात आले नाही.

“नको. तिच्या कानात आहेत तर राहू देत.”

“मग काय हवंय तुम्हाला? चर्चला यायचं? नाव बदलायचं? सरळ सांगा. मी इतकी वर्षं बदल्याचा धंदा करतेय, सिस्टरबाई. फुकट काही नसतं.”

“फुकट नाहीच,” सिस्टरबाई म्हणाल्या. “तुम्हाला फुकट. ज्याची अंगठी गेली, त्याला ती लागलीच. जन्मभर बोट रिकामं राहिलं माझं.” त्यांनी पुस्तिका वर धरली. “यात दुसरं काही नाही. आपण देवापुढे नेतो ते सगळं फाटकं. त्यानं ते उजेडाकडे धरून परत केलं नाही. स्वतःच्या अंगावर चढवलं, त्यातच क्रुसावर मेला, आणि त्याचं न फाटलेलं ते आपल्याला दिलं. आपण मागायच्या आधी. झालेली गोष्ट आहे ती, बातमी, म्हणून तिला वर्तमान म्हणतात.”

विमलाबाईने थोडा विचार केला. “असा व्यवहार करणारा दिवाळं काढून आठवड्यात बसेल,” ती म्हणाली.

“बसला की. तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला.”

विमलाबाईला हे सारे समजले, असे म्हणता येणार नाही. परंतु एक गोष्ट तिला पटली. फुकटच्या मालामागे कोणीतरी झळ सोसलेली असते, हे ती जन्मभर जाणत होती. ती झळ सोसणाऱ्याने तिला ती न सांगता रोज सकाळी तिचे नाव घ्यावे, हे मात्र तिच्या धंद्यात कधी आले नव्हते.

सिस्टरबाईंनी कानामागची पेन्सिल काढून तिच्यापुढे धरली. त्या कोडी सोडवत बसलेल्या असत, म्हणून पेन्सिल नेहमी तेथेच असे. “खोडायचं तर तुम्ही खोडा. लिहिता येतं ना आता?”

विमलाबाईने पेन्सिल घेतली. पान तिच्या हाती आले. आपल्या नावावर रेघ ओढण्यासाठी तिने टोक टेकवले आणि सवयीने खालच्या ओळीही वाचू लागली. तिचा मुलगा. मग तिसरी ओळ, जी भीतीने तिने घरी वाचली नव्हती. अडखळत, प्रत्येक अक्षर सुटे करीत, तिने ती मोठ्याने वाचली.

“वि-ज-य-मा-ला-चा रा-ग.”

सिस्टरबाईंनी पुस्तिका तिच्या हातून ओढून घेतली. चष्मा लावून स्वतः वाचली. त्यांचा चेहरा इस्पितळातून नुकत्याच घरी आलेल्या माणसासारखा उतरला. त्यांचे नाव कोठे असेलच, तर प्रेमाच्या माणसांत असेल, अशी त्यांची समजूत असावी. ते बोहारणीच्या खाली, एकाच यादीत, एकाच पेन्सिलीने लिहिलेले होते.

“मला कधी बोलले नाहीत,” त्या म्हणाल्या.

समोरचे दार उघडले. चैताली कानातली वायर काढत बाहेर आली. हंडा, पेन्सिल आणि दोघींचे चेहरे तिने पाहिले. “एनी प्रॉब्लेम, आँटी? काही मिसिंग आहे का? ग्रुपवर टाकू?”

ज्या क्षणाला विमलाबाई अकरा वर्षे भ्याली होती, तो हाच. सिस्टरबाईंनी होकारार्थी मान हलवली असती, तर केरसुणीवालीसारखे तिचेही फाटक बंद झाले असते. आणि सिस्टरबाई नुसत्या नाही म्हणाल्या असत्या, तर प्रकरण मिटले असते. विमलाबाईला तेवढेच हवे होते. परंतु यादीतले दुसरे नाव तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्या नावासाठी एका परक्या माणसाने अकरा वर्षे शब्द टाकला होता, आणि तिने स्वतः एकदाही खरा शब्द टाकला नव्हता.

“गाठ होती, सिस्टरबाई,” ती म्हणाली. दार उघडे होते, चैताली ऐकत होती. “पदराला गाठ होती. मी सोडली. पोराच्या डोक्यावर खोटा हात ठेवला.”

चैतालीने फोन वर केला. “म्हणजे, चोरी? आँटी, हे ग्रुपवर टाकायलाच पाहिजे.”

“टाका ना,” सिस्टरबाई म्हणाल्या. “आणि खाली लिहा, साळव्यांच्या घरी चहा ठेवलाय, कोणी येऊ नये. ती वस्तू माझी होती आणि मी ती दिलेली आहे. आता विमलाबाई आत येतील. दार लावून घ्या तुमचं, मांजर शिरेल.”

चैतालीने दार लावले. तिने पुढे काही टाकले की नाही, हे विमलाबाईला अद्याप ठाऊक नाही, आणि त्याची धास्ती तिच्या मनातून गेलेली नाही. पुढच्या मंगळवारी फाटकापाशी तिचे पाऊल अडखळले. महिपतीने वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. ती आत गेली.

कबुलीच्या त्या दिवशी सिस्टरबाईंच्या घरात जाऊन तिने चहा घेतला, परंतु पेला आधी उजेडाकडे धरला. हंडा सिस्टरबाईंनी परत केला. तो ठेवून घेण्याची विनवणी तिने तीनदा केली, तेव्हा त्या म्हणाल्या की, पुन्हा विचाराल तर चमचे मोजून परत देईन. घरी जाताना चढावर थांबून विमलाबाईने हंड्यात हात घालून पाहिले. तळाशी आणखी काही ठेवले आहे का, याची तिला खात्री करून घ्यायची होती. हंडा रिकामा होता.

रात्रीचे जेवण होण्यापूर्वी तिने आनंदला पुढ्यात बसवून सारे सांगितले. त्याने पुढचे ताट बाजूला सारले. मग त्याने विचारले की, मग आता तू त्यांच्यात जाणार का. विमलाबाईने पोळी उलटली. त्यांनी बोलावलेच नाही, ती म्हणाली, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

काळा कोट तिने विकला नाही. थंडीत आनंद तो घालून कामावर जातो. आणि कपडे घेण्याच्या तिच्या पद्धतीत एक भर पडली आहे. उजेडाकडे धरण्याआधी ती आता प्रत्येक खिसा बाहेर काढते आणि प्रत्येक पदराचे टोक गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत उलगडून दाखवते. मागच्या आठवड्यात एका नव्या बाईंनी हसून विचारले की, आमच्यावर एवढा संशय घेता का हो.

“तुमच्यावर नाही,” विमलाबाई म्हणाली आणि पुढचा पदर हातात घेतला.